गुलाबी कांद्याच्या बरणीत मीठ किती?



मध्यंतरी ओपीडीत एक मावशी आल्या. वय साठीच्या पुढे, घर शेतातलं. बीपीच्या दोन गोळ्या चालू, शुगर थोडी वाढलेली. त्या दिवशी बीपी भरलं 168/100. दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं, तर तेवढंच. गोळ्यांची पाकिटं पाहिली, एकही गोळी चुकलेली नव्हती. मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, "मावशी, लोणचं किती खाता?"

"लोणचं कवाच सोडलंय, डॉक्टर. तुमीच म्हणला होता की. आता निस्ता कांदा खाते."

कांदा कसला, ते सोबत आलेल्या सुनेनं मोबाईलवर दाखवलं. काचेची बरणी, तिच्यात गुलाबी चकत्या, व्हिनेगर, मिरच्या. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे पाव किलो कांद्याला दोन चमचे मीठ. मावशी दोन्ही जेवणांत वाटीभर कांदा खात होत्या आणि "शुगरला चांगलं असतंय" म्हणून बरणीतलं पाणीही पीत होत्या. म्हणजे लोणचं सुटलं होतं, पण मीठ घरातच होतं. त्यानं फक्त बरणी बदलली होती.

हा व्हिनेगरचा कांदा आता आपल्या भागात घरोघरी दिसू लागला आहे, म्हणून आजचा लेख त्याच्यावर. माझं मत आधीच सांगतो. हा कांदा चांगला आहे, जरूर करा. पण त्याला इतक्या मिठाची गरजच नाही.

लोणचं आणि हा कांदा यांत फरक आहे

कैरीचं लोणचं वर्षभर फ्रीजबाहेर टिकतं, कारण त्यात मीठ भरपूर असतं आणि वर तेलाचा थर असतो. तिथं मीठ टिकवण्याचं काम करतं. ते कमी केलं तर लोणचं नासतं. म्हणून लोणच्याच्या बाबतीत मी पेशंटला "कमी मिठाचं करा" असं सांगत नाही, "कमी खा" असं सांगतो.

झटपट कांद्याचं तसं नाही. त्याला आठवडाभर टिकवतात ते व्हिनेगरचा आंबटपणा आणि फ्रीजचा गारवा. मीठ तिथं फक्त चवीपुरतं असतं. मग ते पाव चमचा घातलं काय आणि दोन चमचे घातलं काय, कांदा तितकाच टिकतो. फरक पडतो तो तुमच्या बीपीला.

हिशेब करून बघा

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा. त्यात भाजी, आमटी, चटणी, पापड, फरसाण, बिस्किट, सगळं आलं.

आता मावशींची बरणी. पाव किलो कांदा, एक वाटी व्हिनेगर, एक वाटी पाणी, सगळं मिळून साधारण साडेपाचशे ग्रॅम. त्यात दोन चमचे म्हणजे 10 ते 12 ग्रॅम मीठ. एक-दोन दिवसांत ते कांद्यात आणि पाण्यात सारखं पसरतं. त्यामुळे 100 ग्रॅमची एक वाटी कांदा खाल्ला की साधारण 2 ग्रॅम मीठ पोटात जातं. दोन जेवणांचं मिळून 4 ग्रॅम. पाण्याचं वेगळंच. भाजीचा पहिला घास घ्यायच्या आधीच दिवसाचा कोटा संपत आला.

पाव चमचा मीठ घातलं असतं, तर त्याच एका वाटीतून जेमतेम पाव ग्रॅम गेलं असतं.

जास्त मीठ खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो आणि गोळ्यांचा परिणाम कमी पडतो. वय वाढतं तसा हा त्रास जास्त. "गोळ्या घेऊनही बीपी उतरत नाही" म्हणणाऱ्या पेशंटची गोळी वाढवण्याआधी मी त्याचं ताट विचारतो ते यासाठीच. बीपी असंच चढं राहिलं की एके दिवशी पॅरालिसिसचा झटका येतो, आणि मग रात्री-अपरात्री सोलापूर नाहीतर लातूरच्या रस्त्याला गाडी काढावी लागते. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. आपल्या तालुक्यांच्या गावांहून हा वेळ किती पटकन संपतो, हे ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. चमचाभर मिठासाठी मी एवढा आग्रह का धरतो, ते मग कळेल.

"आम्ही सैंधव वापरतो"

हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. सैंधव असो, काळं मीठ असो की गुलाबी मीठ, त्यात मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. रंग वेगळा, वास वेगळा, पण बीपीवरचा परिणाम जवळपास तोच. शिवाय साध्या आयोडीनयुक्त मिठातलं आयोडीन सैंधवात पुरेसं नसतं. बाजारात "लो सोडियम" मीठही मिळतं. त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा आजार असलेल्यांनी आणि बीपीच्या काही ठरावीक गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

माझ्या घरी असा करतात

* 2 मध्यम लाल कांदे, साधारण 250 ग्रॅम, पातळ उभे चिरा. 10 मिनिटं थंड पाण्यात ठेवून निथळून घ्या. उग्रपणा बराच जातो.
* काचेची बरणी स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडी करा. तिच्यात कांदा, 4-5 मिरे, एक हिरवी मिरची आणि हवी तर बीटची एक चकती घाला.
* 1 वाटी व्हिनेगर आणि 1 वाटी पाणी (150 मिलीची वाटी) स्टीलच्या भांड्यात गरम करा. त्यात चहाचा पाव चमचा मीठ. साखर नको. कोमट झालं की बरणीत ओता. कांदा पूर्ण बुडाला पाहिजे.
* अर्ध्या तासानं खाता येतो, दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतो. बरणी फ्रीजमध्येच ठेवा, कोरडा चमचा वापरा आणि आठवड्यात संपवा. बुरशी, फेस किंवा वेगळा वास आला तर सगळा टाकून द्या.

मीठ कमी आहे हे फारसं जाणवत नाही, कारण आंबट चव ती उणीव भरून काढते. वाढताना वरून भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि कोथिंबीर घाला.

व्हिनेगरपेक्षा पाणी जास्त घालू नका, आंबटपणा कमी पडला तर कांदा लवकर खराब होतो. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ यांचं भांडं वापरू नका. आंबटाशी त्यांचं जमत नाही. फ्रीज नसेल किंवा लाइट सारखी जात असेल तर बरणीच्या फंदात पडू नका. एक कांदा चिरा, अर्धं लिंबू पिळा, त्याच जेवणात संपवा.

व्हिनेगर कोणतं?

बाटलीवर "सिंथेटिक व्हिनेगर" लिहिलेलं असतं, ते पाहून घाबरू नका. ते ॲसेटिक ॲसिड पातळ करून बनवलेलं असतं आणि खाण्यासाठी मान्य असतं. मात्र स्वस्त पडतं म्हणून सुटं, तीव्र ॲसेटिक ॲसिड आणून घरात पाणी घालून वापरण्याचा उद्योग कधीही करू नका. ते चुकून पोटात गेलं तर तोंड आणि अन्ननलिका भाजते. लेबल असलेली खाद्य व्हिनेगरची सीलबंद बाटलीच घ्या आणि ती लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

आता रंग. सोलापूर-धुळे हायवेवर येडशी, येरमाळ्याकडे जाताना ढाब्यावर बसलात, तर कांदा कधी कधी डोळे दिपतील इतका लाल असतो. लाल कांद्यातलं रंगद्रव्य आंबटात आपोआप गुलाबी होतं, त्याला बाहेरच्या रंगाची गरज नाही. नुसतं पाहून तो रंग बीटचा की बाटलीतला, हे तुम्हाला किंवा मला सांगता येणार नाही. घरी केलात तर हा प्रश्नच उरत नाही. बीट खाल्ल्यावर काहींची लघवी किंवा शौच लालसर होते. ती एक-दोन दिवसांत पूर्ववत होते. पण बीट न खाता लाल लघवी झाली तर थांबू नका, तपासणी करा.

हे औषध नाही

व्हिनेगरनं जेवणानंतरची शुगर थोडी कमी चढते, असं काही लहान अभ्यासांत दिसलं आहे. पण तो परिणाम गोळीची जागा घेण्याइतका नाही. बरणीतलं पाणी पिऊ नका. त्यात मीठ आहे, आणि आम्लानं दातांचं आवरण झिजतं, घसाही जळजळतो.

हा कांदा आंबवलेला असतो, त्यात पोटाला चांगले जिवाणू असतात, असंही सांगितलं जातं. व्हिनेगर ओतणं म्हणजे आंबवणं नव्हे. जिवाणूंनी आंबवलेलं हवं असेल तर आपल्या वेळ अमावस्येचं ताकातलं आंबील आठवा, घरचं दही-ताक घ्या.

आणि उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हा आपल्याकडचा समज. खिशातला कांदा काही करत नाही. पाणी, सावली आणि दुपारच्या वेळी काम थांबवणं, हेच उपयोगी पडतं.

इथं एक जण नेहमी विचारतो, "डॉक्टर, आम्ही रानात दिवसभर घाम गाळतो, आम्हाला मीठ नको का?" प्रश्न रास्त आहे. घामातून मीठ जातंच. पण तरुण, धडधाकट मजुराची गरज वेगळी आणि ओसरीवर बसून राहणाऱ्या, बीपी असलेल्या त्याच्या आईची वेगळी. बरणी मात्र दोघांना एकच असते. म्हणून बरणीत मीठ कमी घाला. ज्याला हवं तो ताटात चिमूटभर घेईल. घातलेलं मीठ बाहेर काढता येत नाही.

कोणी जपून खावा?

ज्यांना ॲसिडिटी, छातीत जळजळ किंवा अल्सर आहे, त्यांनी थोडा खाऊन बघावा, त्रास झाला तर सोडून द्यावा. कांद्यानं पोट फुगतं अशांनीही तसंच. हृदयाचं पंपिंग कमी झालेल्यांनी आणि किडनीच्या पेशंटनी आपल्या डॉक्टरांनी ठरवून दिलेली मिठाची मर्यादा पाळावी.

आपला मूळचा कांदा म्हणजे भाकरीसोबत बुक्कीनं फोडलेला. त्याला मीठ लागत नाही, व्हिनेगर लागत नाही. दात शाबूत असतील तर त्याच्यापुढं या बरणीचं मला फारसं कौतुक नाही. पण ज्यांचे दात गेले आहेत, कच्चा कांदा चावत नाही, नुसती भाकरी घशाखाली उतरत नाही, म्हणून जे ठेच्यावर आणि लोणच्यावर दिवस काढतात, त्या म्हाताऱ्या माणसांसाठी हा मऊ, आंबट कांदा खरंच सोयीचा आहे. म्हणूनच तो कमी मिठाचा असला पाहिजे.

मावशी तीन आठवड्यांनी पुन्हा आल्या. गोळ्या त्याच होत्या, बीपी 142/88. सगळं श्रेय कांद्याला देणार नाही. सुनेनं ठेच्यातलं मीठही कमी केलं होतं आणि पापड बंद केले होते. अजून थोडं खाली यायला हवं. मावशींची तक्रार एकच होती, "पयले आठ दिस कांदा अळणी लागला, डॉक्टर. आता लागत नाही."

जिभेला सवय व्हायला थोडे दिवस लागतात. आज बरणी भरणार असाल तर मीठ हाताच्या अंदाजानं टाकू नका, चमच्यानं मोजून टाका. आणि घरात कोणाला बीपी असेल तर या आठवड्यात ते एकदा मोजून घ्या.