चीनच्या राजधानीत चिनी लोकांनाच राहायला बंदी! काय आहे बीजिंगच्या दूतावास वस्तीचा इतिहास?

चिनी नेत्यांच्या भाषणांत 'अपमानाचं शतक' हा शब्दप्रयोग वारंवार येतो. तो कुठून आला, हे बीजिंगच्या तिआनमेन चौकालगतच्या एका जुन्या रस्त्यावर कळतं.

सुरुवात कशी झाली?

दुसऱ्या अफू युद्धात हरल्यावर १८६० मध्ये छिंग राजवटीला परदेशी दूतांना राजधानीत कायम राहू देणं भाग पडलं. पुढच्याच वर्षी ब्रिटन आणि फ्रान्सने इथे कचेऱ्या थाटल्या. मग इतर देशही आले. चिनी लोकांची घरंही याच भागात होती.

१९०० मध्ये काय घडलं?

परकीयांविरोधात बॉक्सर बंड पेटलं. २० जूनपासून बंडखोर आणि सरकारी फौजांनी वस्तीला वेढा घातला. आत परदेशी नागरिकांसोबत आश्रयाला आलेले चिनी ख्रिश्चनही होते. ५५ दिवसांनी, १४ ऑगस्टला आठ देशांच्या फौजांनी वेढा फोडला. अडकलेल्यांपर्यंत सर्वांत आधी पोहोचले ते ब्रिटिश सैन्यातले भारतीय जवान!

१९०१ च्या करारात चीनवर ४५ कोटी ताएल चांदीचा दंड लादला गेला. वस्तीचा ताबा परदेशी दूतावासांकडे गेला, त्यांचे सैनिक तैनात झाले आणि तिथे राहण्याचा चिनी लोकांचा हक्कच गेला.

हे कधी संपलं?

१९४३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने आपले विशेष हक्क सोडले. फेब्रुवारी १९४९ मध्ये कम्युनिस्ट फौजेचं संचलन मुद्दाम याच रस्त्यावरून निघालं. पुढे दूतावास शहराच्या दुसऱ्या भागांत हलवले गेले.

आज काय फरक आहे?

दूतावास म्हणजे परदेशी भूमी, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार दूतावासप्रमुखाच्या परवानगीशिवाय यजमान देशाचे पोलीस आत जाऊ शकत नाहीत. जमीन मात्र यजमान देशाचीच राहते.

हाँगकाँग किंवा तैवानवर बाहेरून कोणी बोललं की चीन 'अंतर्गत बाब' म्हणून भडकतो, त्यामागे ही जुनी जखम आहे. पण सत्ताधारी पक्ष ती सोयीने वापरतोही. १९६७ मध्ये लाल रक्षकांनी बीजिंगमधली ब्रिटिश कचेरी जाळली, तेव्हा चीन दुबळा नव्हता आणि शहराला कोणी वेढाही घातला नव्हता.