लढत हा मतदाराचा हक्क आहे

शिक्षकाच्या नोकरीत अनेक निवडणुकांना मी केंद्राध्यक्ष म्हणून बसलो. मतदानाआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यायचं, यंत्रं सील करून त्यांच्या सह्या घ्यायच्या. मतदाराच्या ओळखीची शंका आली, तर प्रतिनिधी दोन रुपये भरून आक्षेप घेऊ शकतो. ही सगळी व्यवस्था एकमेकांवर नजर ठेवणाऱ्या माणसांच्या भरवशावर उभी आहे. समोर तगडा उमेदवार नसेल, तर बाकावर एकाच बाजूची माणसं उरतात आणि आक्षेप घेणार कोण?

सांगली जिल्ह्यातला पलूस-कडेगाव विधानसभा मतदारसंघ पाहा. इथले काँग्रेसचे आमदार पतंगराव कदम यांच्या निधनानंतर २०१८ च्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र विश्वजित कदम बिनविरोध निवडून आले. दिवंगत नेत्याबद्दलचा आदर मीही मानतो. पण त्यापायी अख्ख्या मतदारसंघानं मतदानाला का मुकावं?

२०१९ ला कदम विद्यमान आमदार म्हणून उभे राहिले. शिवसेना-भाजप युतीच्या जागावाटपात जागा शिवसेनेला सुटली आणि इथं ताकद असलेला भाजप बाजूला राहिला. कदमांना १,७१,४९७ मतं पडली. दुसऱ्या क्रमांकावर ‘नोटा’, २०,६३१. सेनेच्या उमेदवाराला ८,९७६. त्याच वर्षी ऑगस्टच्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली होती. ऑक्टोबरात मतदान झालं. पुराच्या काळात बोटी कुणी पुरवायच्या, गावं वेळेत कुणी हलवायची, याचा जाब आमदाराला आणि सरकारलाही गावोगावच्या सभांत द्यावा लागायला हवा होता. अटीतटीची लढत असती तर तो टाळता आला नसता.

२०२४ ला भाजपचे संग्राम देशमुख रिंगणात उतरले. कदमच जिंकले, पण दीड लाखाच्या वर गेलेलं मताधिक्य तीस हजारांच्या आसपास आलं. पर्याय हवा असणारे मतदार होतेच. २०१९ ला त्यांच्यापुढे तोडीचा उमेदवार ठेवला गेला नाही.

‘नोटा’ला सर्वाधिक मतं मिळाली तर फेरनिवडणूक, असा नियम राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी केला. तो विधानसभेलाही लागू व्हावा. एकच अर्ज उरला, तरी मतदान घ्यावं आणि ‘नोटा’चं बटण ठेवावं. खर्च होईल, होऊ द्या. आमदार लोकांनी निवडायचा असतो. तो निर्णय जागावाटपाच्या बैठकीत उरकण्याचा अधिकार कुठल्याही पक्षाला आपण दिलेला नाही.