सरकार चालू, पगार बंद!

परवा चारठाणा फाट्यावर चहा घेत बसलो होतो. विषय निघाला अमेरिकेतल्या शटडाऊनचा. एकजण म्हणाला, एवढा श्रीमंत देश आणि कर्मचाऱ्यांना पगार द्यायला पैसे नाहीत! सगळे हसले. बाजूला एसटीचे एक कंडक्टर बसले होते. ओळखीचेच आहेत, नाव मुद्दाम लिहीत नाही. ते म्हणाले, "आपल्याकडं सरकार कधीच बंद पडत नाही दादा. पगार तेवढा बंद पडतो."

मग कुणी हसलं नाही.

आधी अमेरिकेचं सांगतो. तिथं संसदेनं खर्चाला मंजुरी दिली नाही की सरकारी खात्यांना पैसे खर्च करता येत नाहीत. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस हे चाललं. साधारण १४ लाख कर्मचाऱ्यांचा पगार अडकला. काहींना घरी बसवलं, काहींना बिनपगारी कामावर यावं लागलं. हाल झालेच. पण तिथं २०१९ चा एक कायदा आहे, बंद संपला की थकलेला पगार द्यायचा. यावेळी त्यावरही वाद झाला, पण शेवटी पगार मिळाला.

आपल्याकडं असं शटडाऊन होत नाही. बजेट मंजूर व्हायला उशीर असला तर लेखानुदान घेतात आणि गाडा चालू राहतो. कागदावर सगळं ठीक.

आता कागद बाजूला ठेवा. एप्रिल २०२५ मध्ये एसटी कर्मचाऱ्यांच्या खात्यावर मार्चचा पगार आला तो फक्त ५६ टक्के. ऐंशी हजारांहून जास्त कुटुंबांचा हा प्रश्न. त्यांनी काय मार्चमध्ये ५६ टक्केच गाडी चालवली होती? ५६ टक्केच तिकिटं फाडली होती? ओरड झाली, मग बाकीचे पैसे देऊ म्हणून सांगितलं गेलं.

यामागचं गणित समजून घ्या. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत झाली. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. योजना चांगल्याच आहेत, आमच्या घरातली माणसंही त्याच तिकिटावर जिंतूर-परभणी करतात. पण त्या सवलतीचे पैसे सरकारनं एसटीला द्यायचे असतात. ते उशिरा आले, कमी आले, की पहिली झळ पगाराला. म्हणजे सवलत सरकारची, फोटो पुढाऱ्याचा आणि उधारी कंडक्टरच्या नावावर.

कंडक्टर म्हणाले, "पतसंस्थेला सांगून बघितलं, हप्ता ५६ टक्के घ्या. साहेब हसले. पोराच्या क्लासवाल्यानं तर फोनच घेतला नाही."

२०२१-२२ चा संप आठवतो का? साडेपाच महिने लालपरी जवळजवळ जागेवर. एसटी सरकारात विलीन करा ही मागणी होती. तेव्हा आपण सगळे वैतागलो होतो, मीही. पण त्या मागणीच्या पोटात साधी गोष्ट होती, पगार ठरलेल्या तारखेला मिळू द्या. विलीनीकरण झालं नाही, आणि तारखेचा घोळही संपला नाही.

मला माहीत आहे, काहीजण खाली लिहितील, "शेतकऱ्याला कोण तारखेला पैसे देतं? यांचं काय कौतुक?" भाऊ, तुमचं म्हणणं खोटं नाही. पीकविम्याची वाट बघण्यात आपलं आयुष्य चाललंय. पण आपलं थकलं म्हणून त्याचंही थकू द्या, हा कुठला न्याय? त्याचा पगार नाही आला तर त्या महिन्यात किराणा दुकानाची वही वाढते, बाजारात भाजी घरी परत जाते. पैसा गावातच फिरत असतो.

आणि हा काही मेहेरबानीचा विषय नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९३६ च्या वेतन कायद्यानं मोठ्या आस्थापनेत १० तारखेच्या आत पगार द्यावा असं सांगितलं होतं. करोनाच्या काळात आंध्र सरकारनं अर्धा पगार मागं ठेवला होता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोर्टानं सांगितलं, थकलेल्या रकमेवर ६ टक्के व्याज द्या. आपल्या सरकारनंही तेव्हा मार्च २०२०चा पगार टप्प्याटप्प्यानं दिला होता. महामारी होती, लोकांनी समजून घेतलं. एप्रिल २०२५ मध्ये कुठली महामारी होती?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. सवलतीचे पैसे एसटीकडं आगाऊ जमा करा. आणि पगाराला उशीर झाला तर दिवस मोजून व्याज द्या, न मागता, न कोर्टात जाता. आपण लाईटबिल चार दिवस उशिरा भरलं तर दंड लागतो ना? मग सरकारला का नको?

अमेरिकेत बंद पडलं की जगभर बातमी होते. आपल्याकडं पगार निम्म्यावर येतो आणि सकाळची गाडी तरी वेळेवर सुटते. म्हणूनच आपल्याला कळत नाही.

उद्या गाडीत बसाल तेव्हा कंडक्टरला एकदा विचारा, "पगार झाला का?" आणि काय म्हणाले ते खाली लिहा. अंगणवाडी ताई, आशा ताई, ग्रामपंचायतीचे संगणक परिचालक, तुमचं मानधन कितव्या महिन्याचं बाकी आहे तेही लिहा. नाव नसलं तरी चालेल, महिना लिहा.