पातेरा जाळू नका

माघ सरत आला की पेडण्यात सकाळी घराघरांतून धूर निघू लागतो. अंगण झाडायचे, आंब्या-फणसाचा, काजूचा पातेरा कोपऱ्यात ओढायचा आणि काडी लावायची. त्याच घरातले माणूस संध्याकाळी नळी धरून मिरचीला पाणी घालते आणि विहीर खाली गेली म्हणून हळहळते. या दोन गोष्टींचा संबंध आपण जोडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपली हवा दमट, म्हणून उन्हाळा कोरडा वाटत नाही. माती मात्र कोरडीठाक होते. वर्षाचा तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडतो. आतल्या गावांत जांभ्याची माती, हरमल-मांद्रे-मोरजीकडे रेवट. पाणी दोन्हींत टिकत नाही. तिळारी धरणाचे पाणी आले तरी उघड्या वाफ्यात ओतलेल्यातला मोठा वाटा ऊनच पिऊन टाकते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या हरमलच्या मिरचीचा आपल्याला अभिमान आहे, पण परसातल्या मिरचीची मुळे तापली आणि ओल तुटली की फुले गळतात. तिथे मानांकन कामाला येत नाही.

म्हणून पाण्याआधी पांघरूण. तांबडी भाजी, वांगी, मिरची यांच्या ओळींमध्ये चार बोटे जाड पातेरा पसरावा. काजूचे पान चिवट, लवकर कुजत नाही, म्हणून उन्हाळ्यात तेच उत्तम. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणे पुरावीत, पोकळ बाजू वर ठेवून, आणि वर माती ओढावी. सोडण स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरते आणि पाच-सहा वर्षे कामी येते. जाळलेल्या पानांतला नत्र धुरात जातो. राखेत पालाश उरते, तेही पहिल्या पावसात बरेचसे वाहून जाते.

पातेऱ्यात वाळवी होते, जनावर बसते, असे लोक सांगतात. ही भीती खोटी नाही. पातेरा घराच्या भिंतीला लावू नये, झाडाच्या बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावा आणि हात घालण्याआधी काठीने हलवावा. पण सापाच्या भीतीने मातीचे अन्न जाळणे मला पटत नाही. कायद्याचे म्हणाल, तर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली आणि साध्या प्रकारालाही पाच हजार रुपये दंड ठरवला. पंचायतींनी ही गोष्ट ग्रामसभेत स्पष्ट सांगायला हवी. अजून ती सांगितली जात नाही, अशी माझी तक्रार आहे.

ज्यांच्याकडे पाणी फारच कमी, त्यांनी डिचोलीच्या कुंभाराकडून झिलई नसलेली मडकी आणावीत. दोन रोपांमध्ये मडके गळ्यापर्यंत पुरायचे, भरायचे आणि डास होऊ नयेत म्हणून तोंडावर करवंटी पालथी घालायची. माती सुकली की मडके पाझरते, ओली असली की पाझर मंदावतो. भोवती पातेरा असेल तर एकदा भरलेले मडके अधिक दिवस पुरते. मृगाच्या तोंडावर तोच अर्धा कुजलेला पातेरा भेंड्यांच्या आळ्यात तळाला घालावा.