पहिलं पाकीट कुणाचं?

मैत्रिणींनो, आमचं घर कोल्हापूरच्या पेठेतलं. शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने सुरू झाले की आमच्याकडे जेवणाच्या वेळा पंचांच्या शिट्टीवर ठरतात. हे आणि आमचे चिरंजीव (इयत्ता आठवी) घरी येईपर्यंत आमटी तीनदा गरम करावी लागते. एरवी ह्या सदरात मी कपड्यांवरचे डाग नाहीतर साखरेचा पाक ह्यांतच रमते. पण आज फुटबॉलची गोष्ट सांगणार आहे. नवल मानू नका. शेवटी ती आपल्या हिशेबाच्या वहीपाशीच येते.

झालं असं, की सोमवारी सकाळी आमच्या भांड्याच्या मावशी आल्या, पण मोरीकडे गेल्याच नाहीत. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वैनी, आज भांड्याला हात लावणार न्हाई मी. काम सोडलं न्हाई. पन दोन महिन्याचं काय ते सांगा, मग लावते."

मला शाळेत जायची घाई. आणि खरं सांगायचं तर रागच आला. मी एका शाळेत तासावर शिकवते, आणि तीन महिने त्या शाळेने आम्हा तासावरच्या बायकांना एक पैसा दिलेला नाही. माझेच आले नाहीत, तर मी ह्यांना कुठून देऊ? "पुढच्या महिन्यात एकदम देते म्हटलं होतं ना?" असं काहीसं फटकन बोलले. मावशी काही न बोलता गेल्या. भांडी मीच घासली, अर्थातच आदळआपट करीत.

रात्री पानावर बसल्यावर मी हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. चिरंजीव मान वर न करता म्हणाले, "आई, हे तर सांतांदेरसारखं झालं."

"कोण सांतांदेर?"

मग बापलेकांनी मिळून जी गोष्ट सांगितली, ती मी दुसऱ्या दिवशी नीट वाचून काढली. बी. ए. झालेल्या बाईला वाचल्याशिवाय चैन पडत नाही, हा आमचा जुना दोष.

सांतांदेर हे स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचं बंदराचं गाव. तिथला 'रेसिंग' हा क्लब १९१३ सालचा. बरीच वर्षं पहिल्या श्रेणीत खेळलेला, गावाचा लाडका. २०११ च्या जानेवारीत बहारीनमधून कारभार चालवणाऱ्या एका भारतीय उद्योगपतीने तो विकत घेतला. मोठमोठी आश्वासनं दिली. पैसे मात्र आले नाहीत, आणि त्याच वर्षी क्लबला कर्जापायी कोर्टाच्या आश्रयाला जावं लागलं.

पुढे जे झालं ते आपल्याला चटकन कळेल. क्लबची मिळकत म्हणजे तिकिटं, जाहिराती आणि सर्वांत मोठी रक्कम टीव्हीवर सामने दाखवण्याच्या हक्कांची. संघ पहिल्या श्रेणीतून खाली घसरला, की ही रक्कम एकदम आटते. पण खेळाडूंशी केलेले करार, जुनी कर्जं, मैदानाचा खर्च, हे काही त्या प्रमाणात घसरत नाही. घरातल्या मिळवत्या माणसाची नोकरी गेली आणि घराचा हप्ता मात्र तेवढाच राहिला, तसंच हे. रेसिंग २०१२ साली दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि २०१३ साली तिसऱ्या. लागोपाठ दोन वर्षांत दोन पायऱ्या खाली!

आणि तरीही, मैत्रिणींनो, त्या पोरांनी खेळ सोडला नाही. महिनोन् महिने पगार नाही, पण 'कोपा देल रे' म्हणजे राजाच्या चषकाच्या स्पर्धेत ह्या तिसऱ्या श्रेणीतल्या संघाने पहिल्या श्रेणीतल्या सेवियाला हरवलं, मग अल्मेरियाला हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे गाठ पडली रेआल सोसिएदादशी. पहिला सामना ३-१ असा हरले. दुसरा घरच्या मैदानावर होता, ३० जानेवारी २०१४ रोजी. त्याआधी खेळाडूंनी जाहीर केलं, की अध्यक्ष आणि संचालक पायउतार झाले नाहीत तर आम्ही खेळणार नाही. कुणीही पायउतार झालं नाही.

सामन्याच्या रात्री खेळाडू घरी बसले नाहीत. पूर्ण पोशाखात, बूट घालून मैदानात आले. शिट्टी झाली. अकराही जण मधल्या वर्तुळाशी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. राखीव खेळाडू आणि प्रशिक्षक मंडळी रेषेबाहेर तशीच उभी. समोरच्या संघाने चेंडू थोडा आपापसात फिरवला आणि मुद्दाम मैदानाबाहेर घालवला. ह्यांना एकटं पाडून गोल मारावा, असं त्यांच्या मनातही आलं नाही. पंचांनी रेसिंगच्या कप्तानाला विचारलं, खेळणार का? नाही, म्हणाला. मिनिटाभरात सामना संपला. प्रेक्षक चिडले असतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सामना अर्थातच गेला, आणि पुढच्या वर्षीच्या चषक स्पर्धेतूनही क्लबला बाद केलं. पण दुसऱ्याच दिवशी भागधारकांच्या सभेत जुनं संचालक मंडळ गेलं. त्याच हंगामाच्या शेवटी संघ पुन्हा दुसऱ्या श्रेणीत चढला. सगळं गोड झालं असं मात्र नाही. पुढच्याच वर्षी तो परत घसरला. नंतरही चढउतार चालूच राहिले, आणि २०२२ साली तो पुन्हा दुसऱ्या श्रेणीत आला.

ह्यांचं मत वेगळं पडलं. "मैदानात उतरायचं आणि खेळायचं नाही? आमच्या पेठेत असं कुणी केलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती." पण पेठेतली पोरं हौसेनं, इरेसरीनं खेळतात, तिकडे तो त्यांचा पोटाचा धंदा. त्यावरून बापलेकांची चांगलीच जुंपली. तेवढ्यात सासूबाई बोलल्या. त्या फुटबॉलमध्ये कधी पडत नाहीत. "आमच्याकडं खळ्यावरनं धान्य घरात यायच्या आधी मजुराचं माप घालत होते. पीक बुडालं तरी."

मग मला जेवण गेलं नाही. कारण एक गोष्ट मी टेबलावर सांगितलीच नव्हती. ज्या दोन महिन्यांत मावशींना द्यायला माझ्याजवळ पैसे नव्हते, त्याच दोन महिन्यांत मी चिरंजीवांसाठी अठराशे रुपयांचे फुटबॉलचे बूट घेतले होते. जुने फाटले होते, स्पर्धा जवळ आली होती, वगैरे वगैरे. बुटांचा रिकामा खोका माळ्यावर कुणी ठेवला होता? मावशींनीच. खोक्यावर किंमत होती, आणि मावशींना आकडे चांगले वाचता येतात.

मंगळवारी शाळेतून येताना मी त्यांच्या घरी गेले. दिवाळीसाठी तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवलेले पैसे काढले होते, त्यातले दोन महिन्यांचे तीन हजार दिले. बोलता बोलता कळलं, की मुलीच्या फीसाठी त्यांनी बचत गटातून तेवढीच रक्कम उचलली होती, शेकडा दोन रुपये महिना व्याजाने. म्हणजे माझ्या उशिराचं व्याज त्या भरत होत्या! मी व्याजाचेही पैसे पुढे केले. वाटलं होतं, नको म्हणतील. त्यांनी घेतले, मोजले आणि म्हणाल्या, "उद्या येते. मोठं पातेलं भिजवून ठेवा."

तेव्हा ह्या आठवड्याच्या सूचना, आधी मला आणि मग तुम्हाला:

पैसे हातात येताच पाकिटं करता ना? त्यात पहिलं पाकीट आपल्याकडे राबणाऱ्या माणसांचं करा. किराणा, दूध, वीज नंतर. वाणी चार दिवस थांबतो, कारण त्याच्याकडे माल भरलेला असतो. मावशींच्या घरी तो नसतो.

त्यांचा एका महिन्याचा पगार कायम वेगळा ठेवा. एकदम जमणार नाही; दर महिन्याला शंभर दोनशे बाजूला टाकले तरी वर्षाभरात होतो. अडचण आली की त्यातून द्या आणि पुन्हा भरून काढा.

उशीर होणारच असेल तर त्यांनी विचारायच्या आधी सांगा, आणि "बघू", "एकदम देते" असं न म्हणता तारीख सांगा. निम्मे तरी हातावर ठेवा.

हिशेबाच्या वहीत 'खर्च' असतो तसं 'देणं' हे पान वेगळं ठेवा. त्या पानावर काही शिल्लक असताना नवीन खरेदी लिहिताना हात आपोआप थबकतो. माझा थबकला असता.

आणि आपलीच मिळकत अडकली असेल तर? एकटीने कुढू नका. आम्ही तासावरच्या पाच जणींनी मिळून शाळेला एकच अर्ज दिला, पाचही सह्यांचा, आणि त्याच्या प्रतीवर पोच घेतली. तारखेसकट. आतापर्यंत एका महिन्याचे पैसे आले आहेत, दोन बाकी आहेत. दहावीचे तास आम्ही चुकवलेले नाहीत. पुढच्या महिन्यात काय करायचं, ते पाचही जणी मिळूनच ठरवू.

बूट मात्र परत केले नाहीत. वापरलेले कोण घेणार? चिरंजीवांनी आपण होऊन कबूल केलं आहे, की स्पर्धा संपेपर्यंत रविवारची भांडी ते घासतील. पहिल्या रविवारी दोन कपांचे कान गेले. मावशींनी तुकडे गोळा केले आणि नुसत्या हसल्या.