पोरं घेऊन निघालात कशाला?

गेल्या आठ दिवसांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच सगळ्यांना उत्तर देऊन टाकतो. पोस्ट लांब आहे, पण वाचा. माझ्या घरापुरता विषय असता तर लिहिलं नसतं.

विचारणाऱ्यांत नातेवाईक आहेत, सोसायटीतले काका आहेत, ऑफिसातले मित्र आहेत. सगळ्यांचा सूर एकच. "एवढी लहान पोरं, तीही आयत्या वेळी ठरवून, तेही रविवारी, आणि मुंबईला? जरा नियोजन नको का?"

माझं म्हणणं ऐका. ज्या शहरात बापाला लेकीच्या लघवीचं नियोजन करावं लागतं, त्या शहराचं नियोजन फसलेलं असतं.

आता काय झालं ते सांगतो. नाताळच्या सुट्टीतला रविवार. पोरीनं आदल्या रात्री विचारलं, "बाबा, समुद्र कधी दाखवणार?" मुंबईला लहान मुलं न्यायची तर थंडीतच न्यावी लागतात. एप्रिल-मे महिन्यांत घामाच्या धारा, जून ते सप्टेंबर पाऊस. म्हटलं, उद्याच जाऊ. सकाळी शेअर टॅक्सीनं कसारा, तिथून लोकल. अर्धं नाशिक असंच जातं, त्यात काही जगावेगळं नाही.

कसारा ते सीएसएमटी साधारण १२० किलोमीटर. धड चालली तर लोकलला अडीच तास लागतात. त्यात रविवार, म्हणजे मेगाब्लॉक. गाडी थांबत थांबत चाललेली. आणि लोकलच्या डब्यात शौचालय नसतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा सव्वा वर्षाचा. "शू आलीये" म्हटल्यावर मधल्या एका स्टेशनवर उतरलो. मुलगा बायकोच्या खांद्यावर झोपलेला, म्हणून लेकीला घेऊन मी गेलो. बायकांच्या बाजूला कुलूप. बाहेर बसलेला माणूस म्हणाला, "जेन्ट्समध्ये न्या की, लहान तर आहे." नेलं. दारातच तिनं माझा शर्ट घट्ट धरला. आतली ओल, वास, ओळीनं उभे असलेले पुरुष. म्हणाली, "नको बाबा, थांबते मी."

आणि ती पाऊण तास थांबली. पाणी दिलं तर नको म्हणाली.

साडेपाच वर्षांच्या पोरीला कुणी शिकवलं नव्हतं की बाहेर पडल्यावर पाणी प्यायचं नसतं. तिच्या आईला माहीत आहे, आजीला माहीत आहे. तिला त्या दिवशी कळलं.

पुढे मुलाला दूध पाजायची वेळ झाली. एका ठिकाणी "हिरकणी कक्ष" अशी सुंदर पाटी दिसली. दाराला कुलूप. चावी साहेबांकडे, साहेब रविवारी नसतात. बायको जिन्याखाली ओढणी घेऊन बसली आणि मी समोर आडोसा म्हणून उभा राहिलो. लेकरासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या हिरकणीच्या नावानं महाराजांनी बुरूज बांधून घेतला, अशी आख्यायिका आपण पोरांना सांगतो. आपण तिच्या नावानं खोली बांधली आणि चावी साहेबांना दिली.

बाबागाडी नेली होती. ती दिवसभर मीच उचलून फिरलो. फुटपाथ गुडघ्याएवढा उंच, चढलात तर वीस पावलांवर संपतो. मध्ये खांब, मध्ये खोदकाम, मध्ये लावलेल्या मोटारसायकली. मग रस्त्यावरूनच चालायचं. जागोजागी बांधकामं, काही ठिकाणी हिरवं कापड फाटून लोंबतंय, धूळ थेट अंगावर. थंडीत वारा पडलेला असतो, त्यामुळे ही धूळ आणि गाड्यांचा धूर वर जात नाही, खालीच साचतो. मोठ्या माणसाचं नाक पाच फुटांवर असतं, पोराचं गाडीच्या धुराड्यापाशी. शिवाय वजनाच्या मानानं लहान मुलं आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतात. मुलगा संध्याकाळी खोकायला लागला, रात्री धाप लागली. परतीचा बेत रद्द करून एका दवाखान्यात नेलं, मशीननं वाफ दिली तेव्हा पहाटे कुठे झोपला. डॉक्टर म्हणाले, धूळ-धुराचा त्रास आहे, या दिवसांत अशी पोरं रोज येतात.

समुद्र पाहिला. वीस मिनिटं.

आता तो नियोजनाचा सल्ला घेऊ. समजा, मी महिनाभर आधी ठरवलं असतं. कुलूप उघडलं असतं का? फुटपाथ सलग झाला असता का? हवा स्वच्छ झाली असती का? नियोजनानं फार तर एवढंच झालं असतं की मी घरी बसलो असतो. तुमच्या सल्ल्याचा अर्थ तोच आहे, फक्त तो सभ्य शब्दांत दिलाय.

दुसरा सल्ला, "मॉलमध्ये जायचं ना, तिथं सगळं स्वच्छ असतं." बरोबर. म्हणजे लेकराचा डायपर बदलायला आधी दोनशे रुपयांची कॉफी प्यायची. मी एखाद वेळेस पिईनही. पण परळच्या इस्पितळात आजारी पोराला घेऊन गावाकडून आलेली बाई कुठल्या मॉलमध्ये जाणार? बांधकामावर तान्हं घेऊन राबणारी बाई कुठे जाणार? आमची एका दिवसाची सहल बिघडली. त्यांचा रोजचा दिवस असाच असतो, आणि त्यांना "निघालात कशाला" असं विचारायचीसुद्धा कुणाला गरज वाटत नाही.

आणि हे मागणं काही नवीन नाही. मुंबईत बायकांनी "राइट टू पी" ची मोहीम २०११ मध्ये सुरू केली. पुण्याच्या "मिळून साऱ्याजणी" च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१५ मध्ये महापालिकांना महिलांच्या स्वच्छतागृहांबद्दल आदेश दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक ठिकाणच्या स्तनपान कक्षांचा आणि बालसंगोपनाच्या सोयींचा विषय निकाली काढला आणि राज्यांनी तो मनावर घ्यावा असं बजावलं. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच न्यायालयानं सांगितलं की चालायला नीट फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कागदावर सगळं आहे हो. माझी पोरगी कागदावर शू करू शकत नाही, एवढीच अडचण आहे.

"मुंबई आहेच तशी" म्हणून मान डोलावणाऱ्या नाशिककरांनी आता थोडं थांबावं. सीबीएसपासून शालिमारपर्यंत बाबागाडी न उचलता चालून दाखवा. मेनरोडला खरेदीला गेल्यावर तान्ह्याचा डायपर कुठे बदलता ते सांगा. दुकानदार ओळखीचा नसेल तर आपल्या आयाबहिणी जातात कुठे, हे घरी जाऊन एकदा विचारा. उत्तर ऐकून मान खाली जाईल.

आणि आपल्याकडे सिंहस्थ आहे. ऑक्टोबर २०२६ मध्ये ध्वजारोहण, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नानं. लाखो लोक येतील आणि त्यात कडेवरची पोरं असतील, तान्ही असतील, "थांबते मी" म्हणणाऱ्या मुली असतील. त्यांतले किती जण महिनाभर आधी नियोजन करून येतील? बहुतेकांचं आदल्या रात्रीच ठरेल, आमच्यासारखं. त्यांनाही आपण हेच विचारणार का, की पोरं घेऊन आलात कशाला?

पूल होतील, घाट होतील, रस्ते रुंद होतील, कमानी तर होतीलच होतील. माझं मागणं त्यापेक्षा फार स्वस्त आहे.

एक, बायकांचं स्वच्छतागृह पुरुषांच्या इतक्याच वेळ उघडं राहावं. आत पाणी, दिवा आणि कडी हवी, आणि कुलपाची चावी कुणा साहेबाच्या खिशात नको. बाप लेकीला घेऊन जाऊ शकेल अशी एक स्वतंत्र खोली प्रत्येक मोठ्या ठिकाणी हवी.

दोन, हिरकणी कक्षाच्या पाटीखाली जबाबदार माणसाचा फोन नंबर लिहा. रविवारीही उचलला जाईल असा.

तीन, सीबीएस ते रामकुंड एक तरी फुटपाथ सलग करा. उतार असलेला, खांब नसलेला, गाड्या न लावलेला.

चार, धुळीचे नियम न पाळणारं बांधकाम थांबवा. नोटीस देऊन फाइल बंद करू नका.

हे चार मुद्दे मी माझ्या प्रभागातल्या लोकप्रतिनिधींना लेखी देतोय आणि पोच घेतोय. तुम्हीही द्या. नुसता अंगठा दाखवून पुढे जाऊ नका. तुमच्या भागातलं कुलूप लावलेलं स्वच्छतागृह किंवा हिरकणी कक्ष दिसला तर जागा, तारीख, वेळ लिहून फोटो टाका. मी यादी करतोय. महिनाअखेर सगळे मिळून ती घेऊन जाऊ.

आणि हो, पोरं घेऊन निघा. उन्हाळ्यात, हिवाळ्यात, वाटेल तेव्हा, न ठरवता निघा. पोरं घरात राहिली तर ही कुलपं कुणाला दिसणारच नाहीत.