अक्षरं चेपू नका!

मैत्रिणींनो, बचत गटाचं लोणचं असो की घरगुती मसाला, लेबल करायला डीटीपीवाल्याकडे गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘ताई, नाव मोठं आहे, जरा दाबून बसवतो.’ आणि तो माऊसने अक्षरं दोन्ही बाजूंनी चेपतो. माझा राग आहे तो या चेपण्यावर. चेपलं की उभ्या रेषा बारीक होतात, आडव्या तेवढ्याच जाड राहतात. नाव मावतं खरं, पण आजारी दिसतं.

जागा कमी असेल तर मुळातच अरुंद आणि ठसठशीत काढलेले फॉन्ट असतात, ते मागावेत. इंग्रजीतला ‘इम्पॅक्ट’ तुम्ही शंभरदा पाहिला असेल. मोबाइलवर फिरणाऱ्या विनोदी चित्रांवरची पांढरी, काळ्या कडेची जाडजूड अक्षरं आठवा, तोच हा! जेफ्री ली यांनी काढलेला हा टाइप इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या स्टिफन्सन ब्लेक फाउंड्रीने १९६५ मध्ये बाजारात आणला. त्यातली स्मॉल अक्षरंही जवळजवळ कॅपिटलइतकी उंच, वर-खाली जाणाऱ्या दांड्या आखूड, पोटातली पोकळी चिमूटभर. थोड्या जागेत भरपूर शाई, म्हणून तो लांबून डोळ्यांत भरतो.

आपल्या देवनागरीचं एवढं सोपं नाही. वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, मधे जोडाक्षरं, त्यांना जागा द्यावीच लागते. नुसती जाडी वाढवली की पोकळी बुजते आणि ‘घ’ कुठला, ‘ध’ कुठला कळेनासं होतं. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘खंड’ हा अरुंद देवनागरी फॉन्ट मला आवडतो तो यासाठी, की त्यात अक्षरांची पोटं मोकळी ठेवलीत. गूगल फॉन्ट्सवर तो फुकट मिळतो.

पण असला फॉन्ट म्हणजे आरोळी. नावाला ठीक, भावाच्या पाटीला ठीक. मसाल्यात शेंगदाणा आहे का, कधीपर्यंत वापरायचा, हे कुणी आरोळी ठोकून सांगतं का? आणि नेमकं तेच आपण उरलेल्या जागेत कोंबतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईने ते वाचायचं कसं? सरकारनेही याचा विचार केलाय, बरं का. पाकीटबंद वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांत म्हटलंय की किंमत, वजन अशा सक्तीच्या मजकुरात अक्षराची रुंदी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी नको. (एकचा आकडा आणि इंग्रजी ‘आय’, ‘एल’ यांना सूट, ते बिचारे जन्मतःच सडपातळ!)

तेव्हा छपाईला देण्याआधी लेबल स्क्रीनवर मोठं करून बघू नका. खऱ्या मापात एक प्रिंट काढा आणि सासूबाईंच्या हातात द्या. त्यांना तारीख वाचता आली नाही, तर वरचं नाव लहान करायला सांगा. डीटीपीवाला कुरकुरेल. कुरकुरू दे.